दिवा पेटला, पण गळती कुठे?

कॅलिफोर्नियात चेक इंजिनचा दिवा पेटलेला असेल, तर गाडी स्मॉग चेकमध्ये नापास. मग रजिस्ट्रेशनही रिन्यू होत नाही. आमच्या २००२ सालच्या व्हॅनचा दिवा नेमका तपासणीच्या तोंडावर लागला. कोड होता पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितला. पण सेन्सर तर फक्त तक्रार कळवत होता!

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४ ते १५ किलो हवा लागते. आत येणारी हवा एक सेन्सर मोजतो. त्याच्या पुढची एखादी रबरी नळी चिरली, की न मोजलेली हवा आत शिरते. मी साधा स्कॅनर लावला. गाडी उभी असताना कॉम्प्युटर २० टक्के जास्त पेट्रोल देत होता. २५०० आरपीएमला तेच ४ टक्क्यांवर आलं. ही गळतीची खूण.

मग स्मोक टेस्ट केली. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडला, तर तो ब्रेक बूस्टरच्या नळीतून बाहेर आला. ब्रेक पेडल कडक का लागत होतं, तेही कळलं. नुसता सेन्सर बदलला असता, तर हा धोका तसाच राहिला असता.

नळी बदलल्यावर कोड पुसून लगेच तपासणीला मात्र धावू नका. गाडीच्या अंतर्गत चाचण्या पूर्ण व्हायला थोडे दिवस गाडी चालवावी लागते.