थ्री-नॉट-थ्रीचे लाकूड

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात थ्री-नॉट-थ्री रायफलीस अखेरचा निरोप दिला, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्या नळीची, नेमाची आणि दोन महायुद्धांतील पराक्रमाची यथेच्छ स्तुती केली. परंतु त्या पोलादाला माणसाच्या खांद्याशी जोडणाऱ्या लाकडाविषयी कोणी अवाक्षरही काढले नाही, हे मला लागले ते लागलेच.

आमच्या नाशकात शस्त्रविद्येचा वारसा जुना. डॉ. मुंजे यांनी १९३७ साली भोसला सैनिकी विद्यालय स्थापिले, तोफखान्याची शाळा काकूलहून देवळालीस आली. पुढच्या पन्नाशीच्या दशकाविषयी कवायती आणि बारनिशीच्या वह्या यांपलीकडे सांगण्याजोगे काही नाही. खरा काळ १९६२ नंतरचा. चिनी आक्रमणानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशकातूनच बिनविरोध लोकसभेवर गेले, महाविद्यालयांत एन.सी.सी. सक्तीची झाली ती १९६८ पर्यंत, आणि आमच्यासारख्या कोवळ्या पोरांच्या हातून त्या जड रायफली आपटू लागल्या.

त्यांची डागडुजी करणारे एक वृद्ध मिस्त्री जातिवंत सुतार होते. दबलेल्या जागी ओले फडके ठेवून त्यावर तापलेली इस्त्री टेकवावी, वाफेने तंतू फुगून खड्डा वर यावा. वर्षानुवर्षे मुरलेले काळे तेल ऊब देऊन खडूच्या भुकटीने शोषून घ्यावे. चिरेत सरस भरून ती आवळून ठेवावी. आणि मग जवसाचे तेल तळहाताने चोळीत, एक थर पुरता वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये, असा त्यांचा शिरस्ता. झिलई मंद असे, तिच्यातून लाकडाच्या शिरा दिसत.

त्या रायफलीचा दस्ता आणि नळीखालचे लाकूड हे दोन निराळे तुकडे. दस्त्याच्या आतल्या लांब बोल्टाचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असल्याने, पुढचे न उतरविता बोल्ट फिरविला की ते लाकूड हमखास फाटते. "रावसाहेब, आधी पुढचं उतरवा, मग मागचं फिरवा," असे मिस्त्री शस्त्रागारातल्या कारकुनास हात जोडून सांगत. परंतु वार्षिक तपासणी तोंडावर आलेली, आणि साहेबांस घाई. लाकूड उभे चिरले, दप्तरात 'कॅडेटांचा निष्काळजीपणा' असा शेरा पडला, भरपाई आमच्या माथी आली आणि चिरेत मेण भरून वरून झगझगीत वॉर्निश फासण्यात आले. तपासणी अधिकाऱ्याने त्या चकाकीची तारीफ केली! मिस्त्रींनी त्या दिवशी कोणाशी भाषण केले नाही.

पुढे इन्सास रायफल आली, तिला प्लास्टिकचा दस्ता. तेव्हा इस्त्रीही गेली नि जवसही. आता ती जुनी रायफल काचेच्या कपाटात शोभेस असते, आणि तिच्यावर हटकून तेच वॉर्निश. अशाच एका कपाटापाशी गेल्या वर्षी मी तिचे पुढचे लाकूड खालून पाहण्याची अनुज्ञा मागितली, तर तेथील तरुण अंमलदाराने अत्यंत आदबीने विचारले, "आजोबा, लाकडात काय बघायचंय?"