गिटारची हलती घोडी

भिलाईतील खुर्सीपार ही पोलादाच्या शेजारी वाढलेली वस्ती आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि पुढे भिलाईचे रूळ देशभर अंथरले गेले. अशा ठिकाणच्या माणसास पोलादाचा एक गुण निराळा समजावून द्यावा लागत नाही. ताण दिला की ते लांबते वा वाकते, आणि ताण मर्यादेत असेल तर तो काढताच पूर्वस्थितीवर येते. विजेवर वाजणाऱ्या गिटारच्या हलत्या घोडीचे सारे मर्म या एकाच गुणात आहे.

सतार किंवा तंबोरा जवळून पाहिलेल्या श्रोत्यांना घोडी परिचित आहे. तबलीवर बसविलेल्या तिच्या पाठीवरून तारा जातात. ती स्थिर असते. सतारिया मींड घेतो ती पडद्यावरची तार बोटाने आडवी ओढून. गिटारच्या या प्रकारात मात्र घोडीच हलते. तिला जोडलेली दांडी दाबली की सहाही तारा एकदम सैल पडून सूर उतरतात. दांडी सोडली की ते परत चढतात. या योजनेला ‘ट्रेमोलो’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः संगीतशास्त्रात ट्रेमोलो म्हणजे ध्वनीच्या लहानमोठेपणाचे कंपन. येथे हलतो तो सुराचा उंचनीचपणा, आणि त्याचे योग्य नाव ‘व्हायब्राटो’. परंतु कॅलिफोर्नियात रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवून पुढे वाद्यनिर्मितीकडे वळलेल्या लिओ फेंडर यांनी १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बाजारात आणताना चुकीचे नाव दिले, आणि तेच रूढ झाले.

रचना तराजूसारखी आहे. घोडीची पत्र्याची बैठक पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर टेकलेली असते. तिच्याखाली गिटारच्या लाकडातून आरपार गेलेला धातूचा ठोकळा असतो, आणि मागील पोकळीत या ठोकळ्याला स्प्रिंगा ओढून धरतात. एका बाजूला तारांचा एकत्रित ताण, सर्वसाधारण जाडीच्या तारांत सुमारे ४५ किलो, आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांचा ताण. दोन्ही समतोल झाले म्हणजे घोडी आपल्या जागी राहते. म्हणूनच अधांतरी तोललेल्या घोडीवरील एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढ्या होतात.

खुर्सीपारसारख्या वस्तीतील एखादा तरुण साठविलेल्या पैशांतून स्वस्त गिटार घेतो, दोनदा दांडी दाबतो आणि वाद्य बेसूर होते. घोडीच बदलण्याचा सल्ला त्यास मिळतो. तो महागडी घोडी मागवितो. तिची भोके जुळत नाहीत. नवी भोके पाडताना लाकूड चिरते, आणि एक वाद्य खुंटीवर कायमचे टांगले जाते. हा अनर्थ टाळावयाचा तर दोष कोठे आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

दांडी खाली दाबून सोडल्यावर सूर चढा राहिला, तर बहुधा मानेच्या टोकावरील पट्टीच्या खाचेत तार अडकत असते. सैल पडताना थोडी तार खुंट्यांकडे सरकते, ती परत येत नाही. खाचेत शिसपेन्सिलीची पूड घातली तरी पुष्कळदा हा दोष जातो. तारा नव्या असतील तर त्या हाताने पुरेशा ताणून घ्याव्यात. सहा स्क्रू घट्ट आवळले असतील तर बैठक घासते. कडेच्या दोन स्क्रूंवर तिचा टेकू ठेवून मधले चार किंचित वर घ्यावेत. मिरजेचे कारागीर झिजलेली घोडी लगेच फेकून देत नाहीत. तिचा पृष्ठभाग सावकाश घासून जवारी पुन्हा साधतात. त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांची ही रीत गिटारवाल्यानेही ध्यानी धरावी.

एवढे करूनही दोष राहिला, बैठकीची कड खरोखरच झिजली असली, तर घोडी बदलणे योग्य ठरते. परंतु मागविण्यापूर्वी दोन मापे घ्यावीत. पहिल्यापासून सहाव्या स्क्रूपर्यंतचे अंतर मूळ नमुन्यात सुमारे ५६ मिलिमीटर असते, पुष्कळ स्वस्त गिटारींत सुमारे ५२. दुसरे माप लाकडाच्या जाडीचे. पातळ गिटारीत पूर्ण लांबीचा ठोकळा मागून बाहेर येतो. स्वस्त घोडीचा ठोकळा पुष्कळदा जस्तमिश्रित ओतीव धातूचा असतो. त्याऐवजी पोलादी ठोकळा घेतल्याने नादात किती फरक पडतो याविषयी वादकांत मतभेद आहेत, पण टेकूची कड कठीण पोलादाची असण्याचा लाभ निर्विवाद आहे. सहा स्क्रूंऐवजी दोनच खांबांवर टेकणाऱ्या घोडीत घर्षण कमी होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लॉइड रोझ यांनी तारा दोन्ही टोकांस जखडण्याची युक्ती काढली. तार सरकण्यास वावच न उरल्याने सूर टिकतो. मात्र तिच्यासाठी बहुधा लाकूड कोरावे लागते, आणि कोरलेले लाकूड परत भरून येत नाही.

मोल घोडीच्या किमतीवर ठरत नाही, तसेच सूर किती खाली नेता येतो यावरही नाही. दांडी सोडताच सहाही तारा आपापल्या सुरावर येतात की नाही, एवढीच तिची परीक्षा आहे. गवयाची तानही अखेर समेवर आली तरच मानली जाते.