जाळे तेच, मालक नवा

एक कंपनी दुसरीने विकत घेतली की वृत्तपत्रात किंमत ठळक अक्षरांत येते. ती रक्कम कोठून उभी केली, हे आतल्या पानावर असते. कर्जप्रस्ताव तपासण्यात नोकरी गेल्यामुळे माझी नजर आधी आतल्या पानाकडे वळते. इंटरनेट पुरवठादाराच्या विक्रीत ग्राहकाला पुढे कशी सेवा मिळणार, हे बहुधा तेथेच कळते.

अमेरिकेतील फ्रंटियर या कंपनीचा व्यवहार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिने १ एप्रिल २०१६ रोजी व्हेरायझनकडून कॅलिफोर्निया, टेक्सास व फ्लोरिडा या राज्यांतील दूरध्वनी व इंटरनेटचे जाळे सुमारे साडेदहा अब्ज डॉलरना ताब्यात घेतले. केबल तीच, खांब तेच, दुरुस्तीचे कर्मचारीही बहुतांशी तेच. बदलली ती खतावणी. कोणती जोडणी कोणाची, कोणाची योजना कोणती, ही माहिती एका संगणकप्रणालीतून दुसरीत नेताना अपुरी उतरली. हजारो ग्राहकांची सेवा बंद पडली, तक्रारींचा पूर लोटला आणि कॅलिफोर्निया विधानसभेच्या समितीपुढे अधिकाऱ्यांना खुलासे द्यावे लागले.

हा धक्का काही महिन्यांत ओसरला. कर्जाचे दुखणे मात्र मुरले. उत्पन्नावर पहिला हक्क व्याजाचा. जुन्या तांब्याच्या तारा काढून फायबर टाकण्याचे काम मागे पडत गेले. ग्राहक घटले, आणि एप्रिल २०२० मध्ये साडेसतरा अब्ज डॉलरच्या आसपासचे कर्ज घेऊन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्या वर्षी दहा अब्जांहून अधिक कर्ज उतरल्यावरच तिने फायबरवर खरा जोर दिला. गंमत अशी की २०२४ मध्ये व्हेरायझननेच ही अख्खी कंपनी, कर्जासह सुमारे वीस अब्ज डॉलरना, घेण्याचा करार केला!

आपल्याकडे मात्र आणखी एक पक्ष मध्ये असतो. रिलायन्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये हॅथवे व डेन या कंपन्यांतील बहुमताचा हिस्सा घेण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांच्याशी हजारो स्थानिक केबलचालक जोडलेले होते. अनेक ठिकाणी इमारतीपर्यंतची शेवटची तार या चालकाची असते. त्याचा वाटा कमी झाला, तर दुरुस्तीला माणूस उशिरा येऊ लागतो. मुख्य कार्यालयातील निवेदनात ते दिसत नाही. म्हणून मालक बदलल्याची बातमी येताच पहिली चौकशी केबलवाल्याकडे करावी, तीही हिशेबाच्या भाषेत.

दुकानाचे यूपीआय, ई-वे बिल व जीएसटीचे विवरणपत्र याच तारेवर चालते. खाती नव्या प्रणालीत जाण्यापूर्वी शेवटचे बिल, अनामतीची पावती, योजनेचा दर व वेग यांची प्रत काढून ठेवावी. पुरवठादाराच्या नावाचा ईमेल व्यापारी पत्रव्यवहारासाठी वापरत असल्यास तो आधीच बदलावा. महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास अडू नये म्हणून दुसऱ्या कंपनीचा मोबाइल डेटा हाताशी असावा. तक्रार केल्यावर तिचा क्रमांक मागून वहीत लिहावा. निवारण झाले नाही, तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते; त्यासाठी शुल्क लागत नाही.