दाताच्या मुळातील चुना

रूट कॅनॉलच्या दोन बैठकींमधील मुदतीत नळीत कोणकोणती औषधे घातली गेली, याची क्रेसोट-फॉर्मोक्रेसॉलपासूनची जंत्री व्यवसायबंधूंस मुखोद्गत असल्याने मी थेट १९२० सालाकडे वळतो. त्या वर्षी कलकत्त्यास डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी दंतमहाविद्यालय काढले आणि त्याच सुमारास जर्मनीत हर्मान यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपण पानाला लावतो तोच चुना, दंतवैद्यकात आणला. त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास, बहुतेक जंतूंना असह्य. पुढे जपानात होशिनो प्रभृतींनी तीन प्रतिजैविकांचे मिश्रण पुढे केले. त्यातील मिनोसायक्लिनने दात काळवंडतो, एवढे सांगून ते प्रकरण मिटवतो.

माझा आग्रह पहिल्यापासून एकच आहे : नळीत घातलेला चुना तितक्याच निगुतीने बाहेर काढावा. भिंतींवर त्याचा थर राहिला तर सीलर दंतनलिकांत शिरत नाही, आणि झिंक ऑक्साइड-युजेनॉलचे सीलर तर त्याच्या संयोगाने ठिसूळ होते. आमच्या खानदेशात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. साक्री-शिरपूरकडील रुग्ण कापूसवेचणीस लागला की आठवड्याची मुदत दिलेली असूनही संक्रांतीनंतर उगवतो, आणि तोवर चुना नळीत घट्ट बसलेला असतो.

अशा नळीत नुसते हायपो सोडून भागत नाही, कारण हायपो मृत ऊती विरघळवते, चुना नव्हे. त्यासाठी नीगार्ड-ओस्टबी यांनी १९५७ साली रूढ केलेले ईडीटीए १७ टक्के तीव्रतेचे, अथवा सायट्रिक आम्ल, हवे. शेवटची मास्टर फाइल पूर्ण लांबीपर्यंत हलक्या हाताने फिरवून बाहेर काढली की तिच्या चऱ्यांत पांढरा गाळ दिसतो. ती पुसावी, पुन्हा घालावी, मग अल्ट्रासॉनिकची सुई मुळाच्या टोकाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे, भिंतींना न टेकवता, द्रावणात चालवावी आणि पेपर पॉइंट स्वच्छ निघेपर्यंत हा क्रम सोडू नये. इतके करूनही खालच्या दाढेच्या पुढील मुळात, दोन नळ्यांना जोडणाऱ्या फटीत आणि टोकाकडील तिसऱ्या भागात, थोडा अंश राहतोच. म्हणूनच मी शुद्ध पाण्यात कालवलेल्या भुकटीचा कैवार घेत आलो. सिलिकॉन तेलातील तयार मलम भरायला सोयीचे खरे, परंतु पाण्याला दाद देत नाही.

काही विद्वान म्हणतात, किंचित चुना राहिल्याने काही बिघडत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पुरता निघत नसेल तर घालूच नये, एका बैठकीत काम उरकावे. पहिल्यांनी ठिसूळ सीलरची जबाबदारी घ्यावी; दुसऱ्यांनी पू झिरपणारी, कोरडीच न होणारी नळी त्याच दिवशी कशी बंद करावी, ते सांगावे. धुळ्यास दंतमहाविद्यालय झाल्यापासून जळगाव-धुळ्याच्या गल्लोगल्ली दवाखाने निघाले, यंत्राच्या फाइलींनी नळी काही मिनिटांत रुंद होऊ लागली. धुण्याला द्यावयाचा वेळ मात्र त्याच वेगाने आटला, याचे मला मनस्वी दुःख होते.

केसपेपरवर औषध घातल्याची तारीख आपण बिनचूक लिहितो. ते कोणत्या द्रावणाने, किती वेळ धुऊन काढले, याचीही नोंद तेथेच व्हावी, आणि ती झाल्याखेरीज कोणी गटापर्चाला हात लावू नये.