हृदयविकाराचे रुग्ण गेले कुठे?

बालमित्रांनो, तुमची मूठ घट्ट आवळा पाहू. साधारण एवढंच असतं तुमचं हृदय! रात्रंदिवस ते साऱ्या अंगाला रक्त पुरवतं. पण गंमत अशी, की आत एवढं रक्त भरलेलं असूनही त्याला स्वतःला ते आतून घेता येत नाही. हृदयाच्या बाहेरून वेलीसारख्या पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्या आहेत, त्या त्याला रक्त पोचवतात. त्यातली एखादी गुठळीने बंद झाली, की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो. यालाच आपण हार्ट अ‍ॅटॅक म्हणतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, म्हणून डॉक्टरांची सारी धडपड वेळेशी असते. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी सरकवून, फुगा फुगवून ते वाहिनी मोकळी करतात. तशी सोय जवळ नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. जितकं लवकर, तितकं हृदय वाचतं.

आता २०२० साल आठवा. कोरोनाची साथ आली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. शाळा बंद, रेल्वे बंद, रस्ते ओस. रुग्णालयांत कोरोनाच्या रुग्णांची गर्दी होऊ लागली. हृदयरोगाच्या विभागात मात्र वेगळंच घडत होतं. रुग्ण येईनासे झाले!

वाटलं ना बरं? तेव्हा काही मोठ्या माणसांनाही तसंच वाटलं. हवा स्वच्छ झाली, धावपळ थांबली, म्हणून हृदयविकार कमी झाला असेल, असे तर्क सुरू झाले. खरं काय ते एका डॉक्टरला कसं कळणार? तुमच्या वर्गात पाच मुलं गैरहजर असली, तर बाईंना वाटेल, कुणाकडे लग्न असेल. पण सगळ्या वर्गांचे हजेरीपट शेजारी शेजारी ठेवले, की मग कळतं, गावात तापाची साथ आहे.

डॉक्टरांनी नेमकं हेच केलं. आपल्याकडे हृदयरोगतज्ज्ञांची एक जुनी संस्था आहे, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया. १९४८ साली स्थापन झालेली. तिने देशातल्या १८७ रुग्णालयांचे हजेरीपट एकत्र केले म्हणा ना! मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत २०१९ मध्ये तिथे हार्ट अ‍ॅटॅकचे सुमारे २५,४०० रुग्ण दाखल झाले होते. २०२० मध्ये त्याच तीन महिन्यांत आले सुमारे १६,४००. वजाबाकी तुम्हीच करा.

मग हे जवळजवळ नऊ हजार लोक होते कुठे?

याचा उलगडा व्हायला इटलीची मोजणी उपयोगी पडते. कोरोनाने तिथे आपल्या आधी थैमान घातलं होतं. तिथल्या ५४ रुग्णालयांतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी मार्च २०२० मधला एकच आठवडा तपासला. आदल्या वर्षी त्या आठवड्यात ६१८ रुग्ण होते, आता ३१९. पण मोठा झटका येऊन दाखल झालेल्यांत पूर्वी शंभरात चार जण दगावत, ते आता जवळजवळ चौदा दगावले! काहींना सोबत कोरोनाही होता. आणि रुग्ण पोचत होते तेही उशिरा. आजार कुठेही गेला नव्हता. माणसं घरात बसून कळ सोसत होती, कारण त्यांना रुग्णालयाची भीती वाटत होती. आपल्याकडे तर वाहनच मिळेना, अशीही पंचाईत होती.

इटलीतल्या लोम्बार्डी प्रांतात आणखी एक गोष्ट झाली. नळी घालून उपचार करणारी ५५ केंद्रं तिथे होती. त्यांतली फक्त १३ तातडीच्या हृदयरुग्णांसाठी ठरवली गेली. बाकीच्यांनी आपले रुग्ण तिकडे पाठवायचे आणि आपल्या खाटा कोरोनाच्या रुग्णांना मोकळ्या करायच्या. आपला रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवणं मोठ्यांना वाटतं तितकं सोपं नसतं, बरं का! आपल्याकडे २५ मार्च २०२० ला फोनवरून आणि व्हिडिओवरून सल्ला देण्याचे नियम आले. मग रक्तदाबाच्या गोळ्या कमी-जास्त करायला आजोबांना बाहेर पडावं लागेना. फोन धरून उभी नातवंडं!

हार्ट अ‍ॅटॅक मात्र फोनवर बरा होत नाही. छातीच्या मधोमध दडपल्यासारखं वाटणं, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, दम लागणं ही त्याची लक्षणं. मधुमेह असलेल्यांना कधी कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो. अशा वेळी आजी म्हणेल, "काही नाही रे, पित्त झालंय," आणि ओव्याची डबी शोधू लागेल. तिला शोधू द्या. तोवर तुम्ही १०८ फिरवा आणि घराजवळची खूण नीट सांगा.