चाकाचे फेरे, मॅरेथॉनचं माप

मॅरेथॉन संपवून आलेला धावपटू मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो आणि हमखास म्हणतो, "माझे तर 42.6 किलोमीटर झाले. रस्ता जास्त मोजलाय!" घड्याळाची सगळी भिस्त उपग्रहांवर. उंच इमारतींमध्ये त्याचा हिशेब चुकतो, शिवाय पळणारा प्रत्येक वळणावर थोडं जास्तच पळतो. 42.195 किलोमीटरचा अधिकृत मार्ग मात्र जगभर सायकलने मोजतात. पुढच्या चाकाचे फेरे मोजून.

ब्रिटनमध्ये जॉन ज्युएल यांनी ही पद्धत बसवली. 1952च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेल्या टेड कॉर्बिट यांनी 1964 साली तिच्यावर पुस्तिका लिहून ती अमेरिकेत रुजवली. फेरे मोजण्यासाठी अ‍ॅलन जोन्स यांनी 1971 साली जोन्स काउंटर तयार केला. पुढच्या चाकाच्या आसाशी बसणारं हे बारकंसं यंत्र. मूळ काउंटरवर चाकाच्या एका फेऱ्याला 20 आकडे सरकतात. चाकाचा घेर 2.1 मीटर धरला, तर एक आकडा म्हणजे साडेदहा सेंटिमीटर. पूर्ण मॅरेथॉनला चाकाचे सुमारे 20 हजार फेरे होतात आणि काउंटर 4 लाख आकडे पुढे जातो.

अडचण एकच, चाकाचा घेर दिवसभर सारखा राहत नाही. ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते, घेर किंचित वाढतो आणि तेवढ्याच अंतरात आकडे कमी भरतात. म्हणून पोलादी टेपने मोजलेल्या, किमान 300 मीटरच्या सरळ पट्ट्यावर सायकल आधी चार वेळा चालवतात, मग मार्ग मोजतात आणि परत येऊन पुन्हा चार वेळा. रेघ जवळ आली की चाक हलकेच पुढे ढकलायचं, आस बरोबर रेघेवर आला की ब्रेक दाबायचा आणि आकडा वहीत उतरवायचा. वळणावर पदपथाच्या कडेपासून 30 सेंटिमीटरवरून, सर्वांत जवळच्या वाटेनेच जायचं. शेवटी दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात, मार्ग आखूड भरू नये म्हणून.

ही चिकाटी कशासाठी? 1981 साली न्यूयॉर्कमध्ये अल्बर्टो सालाझार 2 तास 8 मिनिटं 13 सेकंदांत धावला. विश्वविक्रम झाला. पुढे फेरमोजणीत मार्ग सुमारे 150 मीटर कमी भरला आणि विक्रम गेला. धावणाऱ्याने आखलेला रस्ता पुरा केला होता. रस्ताच अपुरा होता.

तेव्हा मुंबईत सी लिंकवरून धावताना घड्याळ काहीही सांगो, वेगाचा हिशेब किलोमीटरच्या पाटीवरून करा. ती पाटी चाकाचे फेरे मोजून लावलेली असते.