गाडी थांबते, उष्णता थांबत नाही

बँकेत उमेदवारी करताना वरिष्ठ सांगत, जमेची बाजू पाहून हुरळू नका, आधी खर्चाची पाहा. मोटारीच्या इंजिनाचा ताळेबंद असा पाहिला तर मन खट्टू होते. पेट्रोलमधल्या शक्तीचा साधारण तिसरा हिस्साच कामी येतो. बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जाते.

धुरावाटे जाणाऱ्या शक्तीची वसुली करावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. १९०५ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची, हा टर्बोचार्जर. लहान इंजिनाला मोठ्याचे बळ येते ते यामुळे.

या वसुलीवर व्याज पडते ते उष्णतेचे. पेट्रोल गाडीत हा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जातो, चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते; आणि हे सारे बॉनेटखाली, रबरी नळ्या व वायरींच्या शेजारी!

१९६२ साली अमेरिकेत आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये आतली हवा थंड राखण्यासाठी पाणी व मेथॅनॉलचे मिश्रण फवारले जाई. त्याची टाकी मालकाने आठवणीने भरायची. अनेकांनी ती भरली नाही आणि दोनच वर्षांत हे मॉडेल बंद झाले. आज हवा निववायला इंटरकूलर असतो, टर्बोभोवती पाणी खेळते, शेजारी पत्र्याची ढाल असते.

तरी एक काम आपल्याकडे उरतेच. सहकुटुंब पसरणी घाट चढून पाचगणीला पोहोचलो, की आपण तत्काळ किल्ली फिरवतो. त्या क्षणी ऑइलचा पंप थांबतो. तापलेले लोखंड मात्र तापलेलेच राहते. बेअरिंगमध्ये अडकलेले ऑइल करपते, त्याची काजळी धरते आणि हळूहळू टर्बोचे आयुष्य खाते. काही गाड्यांत विजेचा पंप त्यानंतरही पाणी फिरवत राहतो. बंद गाडीचा पंखा घरघरला, तर तो बिघाड समजू नये.

म्हणून शेवटचा किलोमीटर सावकाश चालवावा, किंवा मिनिटभर इंजिन नुसते चालू ठेवावे. कंपनीने सांगितलेलेच ऑइल वेळेवर बदलावे आणि दुरुस्तीत काढलेली ढाल परत बसवली ना, हे पाहावे. तेवढ्या मिनिटात मुलांच्या चपला शोधून होतात.